पाषाणवाला विरुद्ध वेळ थांबवणारा

सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सात ते अकरा माझं रक्त मशीनमधून फिरून येतं. हे चौथं वर्ष. किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, डायलिसिसची सवय होते. सुयांची झाली, वजनकाट्याची झाली, दिवसाला लिटरभर पाण्यात भागवायचीही झाली. कंटाळ्याची मात्र झाली नाही. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात पंचवीस वर्षं काढलेला माणूस, तेव्हा चार तास म्हणजे निम्मं पुस्तक असं मनाशी धरून पहिल्या दिवशी जाडजूड ग्रंथ घेऊन गेलो होतो. डाव्या हातात दोन सुया, तो हात हलवायचा नाही, आणि उजव्या एकट्या हातानं जाड पुस्तक धरायचं आणि पानंही उलटायची. एकदा करून बघा. पुस्तक छातीवर आपटलं, हात हलला, मशीन केकाटलं आणि टेक्निशियन पळत आला. त्यानंतर वर्षभर मी छताकडे बघत पडून राहिलो आणि दिसेल त्याच्यावर चिडत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या बेडवर तो आला. पस्तिशीचा, उन्हानं रापलेला, अंगानं दणकट. पैठणच्या अलीकडे कालव्याकाठी त्याचं गाव, घरची मोसंबीची बाग. पहिल्या एसटीनं यायचा आणि बेडवर पडल्या पडल्या मोठ्यानं फोन सुरू करायचा: मोटर बंद केली का, वासराला पाजलं का. मला तो मुळीच आवडला नाही. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "काका, तुम्हाला पानी किती चालतं?" मी एक बोट वर केलं आणि डोळे मिटून घेतले. तो आपलं आपणच बोलत राहिला. घराच्या मागून पाटाचं पाणी वाहतं आणि आपण फुलपात्रानं मोजून प्यायचं. बाग स्वतःची आणि पथ्यापायी मोसंबी तोंडाला लावायची नाही. हे तो हसत हसत सांगत होता, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला.

आमचं जमलं ते कॉमिक्समुळे. सेंटरच्या बाहेरच्या बाकावर कुणीतरी जुन्या हिंदी कॉमिक्सचा एक गठ्ठा सुतळीनं बांधून ठेवून गेलं होतं. बहुतेकांची मुखपृष्ठं फाटलेली, काहींची शेवटची पानं गायब. एक दिवस त्यानं त्यातलं एक उचलून आणलं, आणि मी बघत राहिलो: कॉमिक हलकं असतं, एका हातात मावतं, अंगठ्यानं पान उलटता येतं. डावा हात हलत नाही, मशीन ओरडत नाही. माझ्या पंचवीस वर्षांच्या ग्रंथालयात जे एकही पुस्तक करू शकलं नाही ते या फाटक्या चोपड्यानं केलं होतं. मी घसा खाकरून म्हणालो, "तुझं झालं की इकडे दे."

लहानपणी औरंगपुऱ्यातल्या एका टपरीवरून भाड्यानं आणून, भूगोलाच्या पुस्तकात लपवून मी अशी शेकड्यांनी वाचली होती. आमच्या घरात स्तोत्रं आणि पंचांग सोडून छापलेल्या कागदाला फारशी किंमत नव्हती, आणि कॉमिक्सला तर मार होता. आता पन्नाशी उलटल्यावर ती उघड उघड वाचायला मिळाली, तीही डॉक्टरांच्या देखत.

त्या गठ्ठ्यात दोन सुपरहिरो पुन्हा पुन्हा येत होते. एकाला कुणी मारायला गेलं की त्याचं अंग दगडाचं व्हायचं. तलवार, गोळी, काहीही त्याला लागायचं नाही. दुसरा साधा शाळामास्तर होता, पण त्यानं मनगट दाबलं की सगळ्या जगाची वेळ थांबायची आणि तेवढा तो हिंडत राहायचा. त्यांची खरी नावं आम्ही कधी घेतलीच नाहीत. तो दगडवाल्याला 'पाषाणवाला' म्हणायचा, शब्द त्यानं बहुधा कीर्तनातून उचलला असावा. मी मास्तराला 'वेळ थांबवणारा' म्हणायचो. यात जास्त ताकदवान कोण, यावरून आमचं वाजलं.

मी पहिल्याच दिवशी त्याला गार करायला निघालो होतो. म्हटलं, बाबा रे, तुझा पाषाणवाला दगड कधी होतो, तर वार झाल्यावर. वेळच थांबली तर त्याला दगड व्हायला वेळ मिळेल कुठून? माझा मास्तर शांतपणे जाईल, त्याला खांद्यावर टाकेल आणि जायकवाडीत बुडवून येईल.  अकरा वाजले, सुया निघाल्या, दंडावर पट्टी बांधता बांधता तो म्हणाला, "आमच्या बाजूला म्हननं मांडायला मुदत पाहिजे. पुढची तारीख द्या."

या तारखेचं मूळ त्याच्या घरात होतं. चुलत्यांशी बांधावरून त्यांचा खटला आधी पैठणला आणि मग शहरातल्या खंडपीठात कितीतरी वर्षं चालू होता, त्यामुळे कोर्टाची भाषा त्याच्या तोंडात बसलेली होती. मी गुरुवारची तारीख दिली. गुरुवारी तो आला नि आल्या आल्या म्हणाला, "काका, थांबलेल्या वेळात पाषाणवाल्याला बुडिवलं, तर त्यो मरनार कवा? वेळ सुरू झाल्यावरच ना? अन् तवर त्यो दगड झालेला असनार." मी चाट पडलो. सातवीत शाळा सोडलेला हा माणूस तीन दिवस एसटीत आणि बागेत यावर विचार करत होता. मग मी मुदत मागितली.

असं ते सुरू झालं आणि त्याची रीतच पडून गेली. जो अडचणीत येईल त्यानं तारीख मागायची, दुसऱ्यानं ती द्यायचीच. निकाल लावायचा नाही, हा अलिखित नियम. टेक्निशियनही त्यात पडायचा. तो इथलाच, पिढीजात शहरातला. एकदा सुई टोचता टोचता म्हणाला, "अंकल, वो पत्थरवाला इधर आया तो मैं सुई किधर घुसाऊँ? उसका तो फिस्टुलाच नै बनता." सुया टोचता याव्यात म्हणून हातातली शीर धमनीला जोडून घेतात, ती फिस्टुला. हा मुद्दा मी ताबडतोब माझ्या बाजूनं दाखल करून घेतला.

हसण्यावारी नेऊ नका. डायलिसिसला जायचं नाही असं ज्यांना पहाटे उठल्यावर वाटलेलं नाही, त्यांना हे कळणार नाही. मला कितीतरी सोमवारी वाटलं होतं. पुरे झालं, एक दिवस चुकवू, मग दुसरा, मग जे व्हायचं ते होईल. पण गुरुवारचा मुद्दा डोक्यात घोळत असायचा. बायको भाकरी थापत असताना मी मनातल्या मनात पाषाणवाल्याची उलटतपासणी घ्यायचो आणि रिक्षा बोलवायचो. क्रांती चौकातल्या सिग्नलला उभं असताना तर माझे ओठसुद्धा हलायचे. त्या पोराच्या बाबतीतही तेच होत असणार, असं मी धरून चाललो होतो. आपण त्याला जगवतो आहोत, असा एक गुप्त अभिमान मला होता.

त्यानं एकदा ओझरतं सांगितलं होतं की त्याला किडनी द्यायला घरातून कुणी तरी तयार आहे. "बघू, मोसंबीचा बहार उतरू दे," असं म्हणून त्यानं विषय बदलला, आणि मीही पुढे विचारलं नाही. एरवी मी वकिलासारखा खोदून विचारणारा माणूस. इथे मात्र गप्प बसलो. माझ्यासाठी जुळणारं कुणी नव्हतं: बायकोला साखर, बहिणीला रक्तदाब, यादीत नाव लागलेलं आणि यादी हलत नाही. त्याचं ऑपरेशन झालं की शेजारचा बेड रिकामा होणार, एवढं न कळण्याइतका मी दूधखुळा नव्हतो. कळत होतं, म्हणूनच विचारलं नाही.

मग एका रविवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी ह्यांच्या घरची बोलते," पलीकडून आवाज आला. त्याची बायको. तिला मी दोन-तीनदाच बघितलं होतं, डब्याची पिशवी घेऊन बाहेरच्या बाकावर बसलेली. तिनं सगळं सरळ सांगितलं. किडनी तीच देणार होती. तिच्या सगळ्या तपासण्या होऊन गेल्या होत्या, अवयवदानाच्या कमिटीची मंजुरी आली होती, डॉक्टरांनी आतापर्यंत तीनदा ऑपरेशनचा दिवस दिला होता आणि तीनही वेळा त्यानं तो परतवला होता. आधी बागेचं पाणी, मग बहिणीचं लग्न, आणि या खेपेला मी. 'काकांचा नि माझा खटला चालू आहे, मी गेलो तर काका एकटे पडतील,' असं तो हसत हसत सांगतो म्हणे. खरं कारण ती ओळखून होती. तिच्या अंगाला चाकू लागायचा, याचं त्याला भय होतं. तिला काही झालं तर पोरांचं काय, या विचारानं त्याची पाचावर धारण बसायची.

"मला भ्या वाटत नाय काका, त्यांलाच वाटतं," ती म्हणाली. "तुमच्या तारखा लई झाल्या. आता माझी एक तारीख लागू द्या."

मी बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. आणि मला भयंकर राग आला. कोण ही बाई, मला दोष देणारी? मी त्याला वाचवत होतो आणि ही म्हणते मी त्याला अडवतोय. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावर खेकसलो.

पुढचं लिहायला जड जातं, पण लिहायचंच म्हटल्यावर लपवण्यात अर्थ नाही. सोमवारी मी गेलो आणि त्याला फोनबद्दल एक अक्षर बोललो नाही. उलट मुद्दाम नवा मुद्दा काढला: पाषाणवाला दगड झालेला असताना त्याचं वय वाढतं की नाही? मुद्दा चांगला होता, महिनाभर पुरला असता. त्याचे डोळे चमकले आणि त्यानं मुदत मागितली. मी दिली. पुढच्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन आला, तो मी उचलला नाही. आणखी दोनदा आला, तेव्हाही नाही. तीन आठवडे मी हे घोंगडं असं भिजत ठेवलं, आणि दर सोमवारी नि गुरुवारी त्याच्याशी हिरिरीनं भांडत राहिलो.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी, साडेनऊच्या सुमाराला, बोलता बोलता तो मधेच थांबला. मला वाटलं मुद्दा शोधतोय. वळून बघितलं तर त्याच्या कपाळावर घाम आणि ओठ पांढरे पडलेले. पायात गोळे आले, त्यानं एकदा "आई गं" म्हटलं आणि मान कलंडली. मशीन ओरडायला लागलं. टेक्निशियन धावला, त्याचे पाय वर केले, बेड डोक्याकडून खाली केला, सलाईन सोडलं, डॉक्टरांना हाक मारली. तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. माझ्या हातात सुया होत्या, मला उठता येत नव्हतं, त्याच्या खांद्याला हात लावायचा म्हटलं तरी नाही. उशाशी त्याचा फोन वाजत होता. वाजून बंद पडायचा, पुन्हा वाजायचा. पडद्यावर कुणाचं नाव आहे ते मला दिसत नव्हतं, पण कोण असणार हे माहीत होतं. अकराला सुटल्यावर तो दर वेळी तिला फोन करायचा. त्या दिवशी तिनंच, वेळेच्या कितीतरी आधी, का कोण जाणे, केला होता.

दहा-बारा मिनिटांनी त्यानं डोळे उघडले. डॉक्टर रागावून गेले, पुन्हा तेच सांगून गेले: असं किती दिवस ढकलणार? तो पडल्या पडल्या भिंतीकडे बघत होता. मग माझ्याकडे मान वळवून खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "काका, कुठं होतो आपन? दगडाचं वय. त्याचं उत्तर हाय माझ्याकडं. सोमवारची तारीख द्या."

"नाही देत," मी म्हणालो. "निकाल देतो. तुझा पाषाणवाला जिंकला. माझं म्हणणं मी मागे घेतो. खटला संपला."

तो बघत राहिला. "निकाल कुनी मागितला?"

मी नजर छताकडे वळवली.

"तिनं फोन केला व्हय तुम्हाला?"

"केला. तीन आठवडे झाले. मीच दाबून ठेवला."

हे ऐकून त्याचा चेहरा बदलला. एवढा नितळ हसणारा माणूस, पण त्या क्षणी तो माझा तिरस्कार करत होता की स्वतःचा, मला सांगता येणार नाही. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं. म्हटलं, "तिला काही होईल म्हणून तू घाबरतोस. तिला काय होईल ते मला माहीत नाही. तुला काय होतंय ते आज मी इथे पडून बघितलं. आता माझ्याकडे तुझ्यासाठी तारीख नाही. डॉक्टरांकडे आहे, ती जाऊन घे."

"अन् तुमचं काय?"

"माझं कुणाशी जुळत नाही. म्हणून तुझं जुळलेलं वाया घालवू?"

त्यानं टॉवेल तोंडावर ओढून घेतला. पुढचे तीन-चार दिवस, म्हणजे आमचे दिवस, सोमवार आणि गुरुवार, तो यायचा, पडायचा, टॉवेल ओढायचा. मी "कसं काय" विचारलं तर "बरंय" एवढंच. कॉमिक्सच्या गठ्ठ्याला कुणी हात लावला नाही. मी मनाला समजावत होतो की माणूस वाचला तर पुरे, बोलला नाही तरी चालेल. पण मनाला ते पटत नव्हतं. मला तो बोलायला हवा होता.

एका गुरुवारी बेड रिकामा होता.  टेक्निशियन सहज म्हणाला, "अरे अंकल, उनका तो परसों ऑपरेशन हो गया. दोनों अच्छे हैं, मियाँ-बीवी. तुमको बोले नै?"

नव्हतं सांगितलं. मला आधी वाईट वाटलं. आनंद नंतर झाला. खोटं कशाला सांगू? ज्याच्यासाठी मी एवढं केलं असं समजत होतो त्यानं मला साधा निरोप दिला नव्हता. चार तास मी धुसफुसत काढले. शेवटच्या तासाला कुठे माझ्या ध्यानात आलं की तीन आठवडे मीही त्याला काही सांगितलं नव्हतं. तेव्हा मात्र मला हुंदका आला, आणि उजव्या हातानं तोंड झाकून मी तो गिळला.

चारेक महिन्यांनी एका सोमवारी काचेवर टकटक झाली. बाहेर तो उभा होता, तोंडाला मास्क, शेजारी बायको. नवी किडनी बसवलेल्या माणसानं जंतुसंसर्गाच्या भयानं आमच्यात यायचं नसतं, म्हणून काच मधे ठेवूनच उभा राहिला. अंगानं भरला होता, चेहऱ्यावरचा काळसर पिवळटपणा गेला होता. ती जरा वाळली होती, पण ताठ उभी होती. तिनं मला हात जोडले. माझा डावा हात मशीनला बांधलेला, एका हातानं नमस्कार कसा करणार? मी उजवा हात छातीवर ठेवला आणि मान झुकवली.

त्यानं खिशातून फोन काढून मला लावला. काचेपलीकडे त्याचा मास्क हलताना दिसत होता आणि आवाज माझ्या कानात येत होता. त्या दिवसांबद्दल तो बोलला नाही, मीही नाही. तपासणीला आलो होतो, सगळं ठीक आहे, म्हणाला. मग म्हणाला, "काका, सोमवार-गुरुवार फोन करत जाऊ का? अपील करतो. तुमचा टाइम तरी जाईल."

मला हो म्हणायचं होतं. किती म्हणायचं होतं ते काय सांगू. पण तो पुन्हा या दोन दिवसांना बांधला जावा, गावात असून त्याचं मन सात ते अकरा या बेडजवळ पडून राहावं, हे मला नको होतं. मी म्हणालो, "जिंकलेल्यानं अपील करायचं नसतं. घरी जा. बागेकडे बघ."

 मग फोन बंद करून त्यानं काचेला पंजा लावला, आणि दोघं जिन्याकडे गेले. ती पुढे आणि तो मागे, कठड्याला न धरता उतरत गेला. अजून दोन तास बाकी होते.

त्याच्या बेडवर आता एक बाई येतात, नव्यानंच सुरू झालेलं त्यांचं. त्यांनी विचारलं, "कोण होतं हो?"

"आमचं माणूस," मी म्हणालो. दोन वर्षांत त्याच्या तोंडावर मी हे एकदाही म्हणालो नव्हतो.